पुलाची गोष्ट नेमकी कुठल्या कमानीला चिकटली आहे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एका गावाजवळ ओढ्यावर पाच कमानींचा जुना दगडी पूल आहे. विचारणाऱ्याची आजी सांगते की बांधताना त्यातली एक कमान दिवसा उभी राहायची आणि रात्री पडायची. शेवटी गवंड्याने आपल्या धाकट्या सुनेला पुलाच्या पायात गाडलं, तेव्हा कुठे पूल उभा राहिला. यात खरं किती? जुन्या चुन्यात गूळ आणि अंडी घालत, हे खरं का? आणि आता पूल पाडून नवा बांधायचं घाटतंय, तर त्याआधी काय बघावं?

मी बत्तीस वर्षं दगडी बांधकामाच्या दुरुस्तीत आहे. पूल, मोऱ्या, बारवा, नदीचे घाट, वाड्यांचे पाये. बहुतेक काम सोलापूर, अक्कलकोट, पंढरपूर, नळदुर्ग याच पट्ट्यातलं. जुन्या पुलावर गेलो की मी आधी गावातल्या म्हाताऱ्या माणसांना गोष्ट विचारतो आणि मग पिशवीतून हातोडी काढतो. गोष्टीत सांगितलेली घटना बहुतेक वेळा घडलेली नसते. पण ती पुलाच्या ज्या जागेला चिकटलेली असते, त्या जागी काहीतरी हमखास असतं. म्हणून तुमच्या आजीला मी खोटं पाडणार नाही, आणि सून गाडली हेही मान्य करणार नाही.

आधी सुनेबद्दल. हीच गोष्ट ग्रीसमध्ये आर्ता गावच्या पुलाची म्हणून सांगतात. पंचेचाळीस गवंडी आणि त्यांच्या हाताखालची साठ माणसं दिवसभर बांधतात, रात्री सगळं ढासळतं. एक पाखरू माणसाच्या वाणीने सांगतं, मुख्य गवंड्याची बायको पायात गेल्याशिवाय पूल उभा राहणार नाही. अंगठी खाली पडल्याचं निमित्त करून तिला पायात उतरवतात आणि वरून दगड-चुना पडू लागतो. ती शाप देते, मी जशी थरथरते तसा हा पूल थरथरो. मग तिला आठवण करून देतात की तुझा भाऊ परमुलखात आहे, घरी येताना तो याच पुलावरून येईल. तेव्हा ती आपला शाप फिरवते. आपल्याकडची कुठलीही बाई हे ऐकून म्हणेल की ही तर जात्यावरची गोष्ट. भावासाठी शाप मागे घेणारी बाई आपल्याला कोणी समजावून सांगावी लागत नाही.

बोस्नियात विशेग्राड इथे द्रिना नदीवर १५७७ चा अकरा कमानींचा पूल आहे, उस्मानी काळातला थोर वास्तुकार सिनान याचा. तिथे जुळी मुलं खांबात चिणल्याची गोष्ट आहे. आईला त्यांना पाजता यावं म्हणून गवंड्याने दगडात भोकं ठेवली, आणि खांबावर जो पांढरा ओघळ दिसतो तो त्या आईचं दूध, असं म्हणतात. आणि इतकं लांब तरी कशाला जायचं? आपल्या सीमेपलीकडच्या कन्नड मुलखात भागीरथीची गोष्ट आहे. तळ्याला पाणी लागत नाही, जोशी सांगतो की घरातली सून द्या, धाकटी भागीरथी माहेरी जाऊन येते आणि मग पायरी पायरीने चढत्या पाण्यात उभी राहते. नवरा परत येतो आणि तोही तळ्यात उडी घेतो. आपल्या अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडे घरोघरी दोन्ही भाषा बोलतात. तुमच्या आजीच्या आजीने हीच भागीरथी ऐकली असेल आणि तळ्याच्या जागी पूल आला असेल, असं मला वाटतं.

लोककथांच्या अभ्यासकांनी बाल्कन मुलखातल्या आणि भारतातल्या या कथा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या आहेत. एकच प्रसंग इतक्या ठिकाणी जसाच्या तसा सांगितला जातो, तेव्हा ती एखाद्या घटनेची आठवण नसते, प्रवास करत आलेली कथा असते. दुरुस्तीसाठी मी जे पाये उघडले, त्यांत नारळाच्या करवंट्या मिळाल्या, तांब्याचे पैसे मिळाले, बांगड्यांचे तुकडे मिळाले, एका ठिकाणी कोंबड्याची हाडं मिळाली. माणसाचं हाड एकदाही नाही. पायाभरणीचा विधी खरा आहे, आजही हळदकुंकू वाहून नारळ फोडल्याशिवाय गवंडी पहिला दगड बसवत नाही. त्या विधीच्या अवतीभवती ही कथा वाढली.

या गोष्टी गोळा करणाऱ्याने एक मात्र लक्षात ठेवावं. बळी कोणाचा, हे बघा. पूल असो, तळं असो, गडाचा बुरूज असो, बळी जाते ती धाकटी सून, पोटुशी बाई, नाहीतर गावकुसाबाहेरचा माणूस. पाटलाचा थोरला मुलगा कधी पायात जात नाही. घटना झालेली नसली तरी गावात कोणाचा जीव स्वस्त धरला जायचा, ते ही कथा अगदी खरं सांगते. ती लिहून घेताना हा भाग गाळू नका. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात सोलापूरचा तलाव केला, त्याची आठवण आपण लोकांच्या श्रमाची म्हणून सांगतो, सगळ्यांनी मिळून माती वाहिल्याची म्हणून. मोठं काम असंही आठवता येतं.

आता 'दिवसा उभी, रात्री पडायची' याकडे येतो. इथे तुमच्या आजीची गोष्ट माझ्या धंद्यात शिरते.

कमान बांधताना ती स्वतःच्या बळावर उभी नसते. खाली लाकडाचा गोल साचा असतो, त्यावर दोन्ही बाजूंनी पाचरीच्या आकाराचे दगड चढत जातात. माथ्यावरचा शेवटचा दगड, ज्याला आम्ही चावी म्हणतो, तो ठोकून बसवेपर्यंत सगळा भार साच्यावर असतो. चावी बसली की दगड एकमेकांना दाबू लागतात. दगडाला दाबलं तर तो कितीही सोसतो, ताणलं तर लगेच तुटतो. कमानीत त्याच्यावर फक्त दाब येतो, म्हणूनच ती शेकडो वर्षं उभी राहते. पण चुना सिमेंटसारखा आठ-पंधरा दिवसांत आवळत नाही, त्याला महिने लागतात. घाईने साचा काढला तर कमान बसते, कधी पडते. साचा असतानाच ओढ्याला लोंढा आला तर लाकूड वाहून जातं आणि वरचे दगड खाली येतात. आपल्याकडे सप्टेंबरातला परतीचा पाऊस दुपारनंतर उठतो, वीज-वाऱ्यासह कोसळतो आणि ओढे भरतात ते रात्री. सकाळी गवंडी येऊन बघतो तर काल उभी केलेली कमान पाण्यात. दिवाळीनंतर सुरू केलेलं काम मृगाच्या आत संपलं नाही की हा धोका आलाच. दोन वर्षं लागोपाठ असं झालं, तर गाव त्याला नुसता पाऊस म्हणणार नाही.

दुसरं कारण जमीन. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा देते. पाया मुरुमापर्यंत किंवा खडकापर्यंत नेला नाही, तर पाचातली एक कमान खचणारच. आणि तुमच्या आजीने 'पूल पडायचा' असं सांगितलेलं नाही, 'एक कमान' असं सांगितलेलं आहे. हा फरक फार मोलाचा आहे. याकडे शेवटी परत येतो.

साचा काढण्याच्या दिवसाबद्दल थोडं सांगितल्याशिवाय राहवत नाही. काही वर्षांपूर्वी एका मोरीची पडलेली कमान आम्ही त्याच दगडांनी पुन्हा बांधली होती. जेमतेम बारा फुटांचा गाळा, म्हणजे कमानीच्या दोन टोकांमधलं अंतर. चावी बसवून अडीच महिने झाले होते. साच्याच्या खांबांखाली लाकडी पाचरींच्या जोड्या असतात, त्या एकदम काढायच्या नसतात. प्रत्येक पाचरीला हलका टोला, मग पुढची, मग परत पहिली. आमचे वडार मिस्त्री सत्तरीचे. ते टोला देत नव्हते, कमानीच्या पोटाला तळहात लावून उभे होते. तिसऱ्या फेरीला आतून कट् असा आवाज आला. कामावरची दोन पोरं मागे सरली. मिस्त्री हलले नाहीत. 'बसली,' एवढंच म्हणाले. साचा आणि दगड यांच्यात पोस्टकार्ड सरकेल एवढी फट पडली होती. कमान तेवढीच खाली आली आणि थांबली. ती फट बघताना माझ्या छातीत जे झालं ते मी विसरलेलो नाही.

बोस्नियातल्या मोस्तारच्या पुलाची दंतकथा नेमकी याच दिवसाची आहे. १५६६ मध्ये मिमार हैरुद्दीनने तो एका कमानीचा पूल पुरा केला. सुलतानाने बजावलं होतं, पूल पडला तर तुझी मान जाईल. साचा काढायच्या दिवशी त्याने स्वतःची कबर खणून ठेवली होती, असं सांगतात. कबर खरी असो-नसो, ती भीती खरी आहे. तो पूल १९९३ साली युद्धात तोफा डागून पाडला गेला आणि २००४ मध्ये पुन्हा उभा केला गेला.

गूळ आणि अंड्यांचं सांगतो. गूळ खरा. आपल्या मुलखात काळ्या मातीतच चुनखडीचे खडे सापडतात. ते भट्टीत भाजायचे, विरवायचे, मग बैलाच्या घाणीत वाळू आणि सुर्खी, म्हणजे विटांचा चुरा, घालून तासन् तास मळायचे. सुर्खीमुळे चुना ओलाव्यातही घट्ट होतो, पुलाला ते लागतंच. गुळाच्या पाण्याने चुना कमी पाण्यात मऊसूत मळला जातो आणि सावकाश आवळतो. हिरड्याचं पाणी, बेलफळाचा गर, उडदाचं पाणी, हेही घालत. सांध्यातला चुन्याचा खडा हातात घेतलात तर लालसर कण दिसतील आणि मध्ये मध्ये बाजरीच्या दाण्याएवढे पांढरे ठिपके. ते नीट न विरलेल्या चुन्याचे. पावसात बारीक चिरा पडल्या तर हाच चुना पाण्यात थोडा विरघळून चिरेत जाऊन पुन्हा बसतो. अंड्याचा पांढरा भाग तमिळनाडूतल्या चेट्टिनाडकडे भिंतीच्या गिलाव्याला आरशासारखी चकाकी आणायला वापरतात. ओढ्यावरच्या पुलाच्या गाडीगाडी चुन्यात अंडी घालणं कोणालाच परवडलं नसतं. अंड्यांची कथा प्रागच्या चार्ल्स पुलाचीही आहे. राजाने गावोगावहून अंडी मागवली, तेव्हा एका गावाने फुटू नयेत म्हणून ती उकडूनच पाठवली, असं लोक सांगतात. हा पूल १३५७ साली सुरू झाला.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. गोष्ट पुलाच्या कुठल्या भागाला चिकटते?

फ्रान्समध्ये काओर गावी लॉट नदीवर चौदाव्या शतकातला पूल आहे. काम लांबलं म्हणून गवंड्याने सैतानाशी करार केला. सैतानाने गवंडी सांगेल ते काम करायचं, बदल्यात गवंड्याचा आत्मा घ्यायचा. शेवटच्या दिवशी गवंड्याने त्याला चाळणीतून पाणी आणायला सांगितलं. सैतान हरला, आणि तेव्हापासून मधल्या बुरुजाच्या माथ्यावरचा एक दगड रोज रात्री उपटून टाकतो. ही कथा पुलाला नाही, त्या एका निसटणाऱ्या दगडाला चिकटलेली आहे. १८७९ च्या दुरुस्तीत वास्तुकार पॉल गू यांनी त्याच जागी एक नवा दगड बसवला आणि त्यावर दगड उपटू पाहणारा छोटा सैतान कोरला. हे मला मनापासून आवडतं. दुरुस्तीही झाली आणि गोष्टही राहिली.

चीनमध्ये झाओझोऊचा पूल आहे, इ.स. ६०५ च्या सुमाराला ली छुन याने बांधलेला, एकाच कमानीचा, गाळा सुमारे ३७ मीटर. कमानीच्या दोन्ही खांद्यांवर छोट्या कमानी आहेत, त्यामुळे पुलाचं वजन कमी झालं आणि पुराच्या पाण्याला वाट मिळाली. लोक मात्र तो लू बान या दैवी कारागिराचा मानतात. एक सिद्धपुरुष झोळीत चंद्र-सूर्य घेऊन गाढवावरून पुलावर आला, दुसरा ढकलगाडीत डोंगर घेऊन. पूल डळमळला, तसा लू बानने पाण्यात उडी मारून खालून हात लावला. गाढवाच्या खुरांचे ठसे, चाकाची चाकोरी आणि खालच्या बाजूला हाताचा ठसा दाखवतात. काही जाणकारांचा तर्क असा की जड गाडी कुठून न्यावी आणि दुरुस्तीत टेकू कुठे लावावा, याच्या या खुणा आहेत. मला तो तर्क पटतो. लिहिता-वाचता न येणाऱ्या गाडीवानाला खुराचा ठसा लगेच कळतो.

विशेग्राडच्या आईच्या दुधाचंही तसंच. दगडी पुलाच्या सांध्यांतून येणारा पांढरा ओघळ म्हणजे विरघळून बाहेर पडणारा चुना. याचा अर्थ वरच्या रस्त्यातलं पाणी पुलाच्या पोटात उतरतंय.

आपल्याकडे बघा. कित्येक जुन्या पुलांच्या एखाद्या खांबाशी सातीआसरांचे, म्हणजे पाण्यातल्या सात देवतांचे, शेंदूर फासलेले दगड असतात. 'तिथल्या डोहात उतरू नये, आसरा ओढून नेतात,' असं पोरांना बजावलेलं असतं. पुराचं पाणी खांबाला आपटून खाली वळतं आणि बुडाशी भोवरा धरून माती खरवडतं. तिथे डोह होतो. आसरांची जागा म्हणजे बहुतेक वेळा पाया सर्वांत जास्त उघडा पडलेली जागा. हे माझ्या कामात इतक्यांदा खरं ठरलंय की कुठला पाया आधी तपासायचा, ते मी आसरा बघून ठरवतो. पंढरपुरात पुराची पातळी पुंडलिकाच्या देवळावरून सांगतात आणि दगडी पूल पाण्याखाली गेला की शहरभर कळतं. तेही मोजमापच आहे, फक्त पट्टीवरचं नाही.

पिंपळ आणि मुंजा ही दुसरी जोडी. पुलाच्या कठड्यात पिंपळ उगवतो, त्यावर मुंजा असतो म्हणून कोणी हात लावत नाही, आणि मुळं सांध्यांतून शिरून दगड फाकवत जातात. रोप वीतभर असतानाच काढायला हवं. मोठं झालं की उपटायचं नाही, उपटलं की दगडही येतो. बुंधा कापून मूळ जागच्या जागी मारावं लागतं. मी गावात कधी 'अंधश्रद्धा' हा शब्द काढत नाही. रोप ओढ्याकाठी दुसरीकडे लावू, पूजा करून लावू, असं म्हटलं की म्हातारी मंडळीच पुढे होऊन मदत करतात.

गुप्तधनाच्या गोष्टीचा मात्र मला राग येतो. दगडांवर छिन्नीने काढलेल्या बाणासारख्या, फुलीसारख्या खुणा असतात. कोणी किती दगड घडवले याच्या त्या मजुरीच्या खुणा, घडाई करणाऱ्या पाथरवटांच्या सह्या. लोक त्यांना खजिन्याचा नकाशा समजतात आणि रात्री पहारीने दगड खिळखिळे करतात. पुराने न पाडलेली कमान मी अशी पडलेली पाहिली आहे.

काही गोष्टी जागेला नाही, तारखेला चिकटतात, त्या तपासायला सोप्या. सोलापुरात तेलुगू पद्मशाली घरांत हैदराबादच्या पुराना पुलाची गोष्ट हमखास ऐकायला मिळते. राजपुत्र मुहम्मद कुली भागमतीला भेटायला मुसी नदीच्या पुरात घोडा घालायचा, म्हणून बापाने, इब्राहीम कुतुबशहाने, पूल बांधला. पूल १५७८ चा. राजपुत्राचा जन्म १५६५ च्या सुमाराचा, म्हणजे तेव्हा तो बारा-तेरा वर्षांचा. गोष्ट सुंदर आहे, ती सांगत राहावी. इतिहास म्हणून लिहू नये.

आणि एका बाबतीत मी अजिबात सौम्य नाही. 'पुलाला मुंडकं लागतं, पोरं धरून नेतात,' ही गोष्ट आम्ही लहानपणी ऐकली आहे. २०१९ च्या जुलैत बांगलादेशात पद्मा नदीवरच्या पुलाला मुंडकी लागतात अशी अफवा उठली आणि मुलं पळवणारे समजून जमावाने निरपराध माणसं ठार मारली. आपल्याकडे १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच भिक्षेकऱ्यांना मुलं चोरणारे समजून ठेचून मारलं. तिथे पुलाचा संबंध नव्हता, अफवा तीच जुनी होती. त्या पाच जणांतले बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातले, नाथपंथी डवरी गोसावी. म्हणून बळीची गोष्ट पोरांना सांगताना ती गोष्ट आहे, हेही त्याच दमात सांगा.

आता तुमचा पूल पाडावा का, याबद्दल. बघितल्याशिवाय मी होय किंवा नाही म्हणणार नाही. कसं बघायचं ते सांगतो.

पावसाळा संपून पाणी उतरलं की खालून चालत जा. कमानीच्या पोटाला हातोडीने हलकं वाजवा. बसलेला दगड खणखणतो, सुटलेला बद्द वाजतो. भेग दिसली म्हणून लगेच घाबरू नका. कमान भेग पडून वाकते, सांध्यासारखी फिरते आणि तरी उभी राहते. आडव्या तीन ठिकाणी अशी उघडली तरी ती तोल सांभाळते, चौथी जागा उघडली की पडते. म्हणून भेगा मोजा, भेगेवर तारीख घालून चुन्याची बारीक पट्टी ओढा. सहा महिन्यांत पट्टी तुटली तर हालचाल चालू आहे. कमानीच्या वरची खांद्याची भिंत बाहेर फुगली आहे का, ते दोरी लावून बघा. फुगली असेल तर पोटात पाणी साठतंय, भिंतीत ठेवलेली पाणी झिरपायची भोकं कोणीतरी बुजवली असतील. ती मोकळी करणं हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगाचं काम.

सिमेंटने दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, भरू देऊ नका. मी नोकरीला लागलो तेव्हा माझ्याच देखरेखीखाली एका जुन्या मोरीच्या सगळ्या दरजा सिमेंटने भरल्या होत्या. दिसायला कोरीकरकरीत झाली. आतलं पाणी पूर्वी मऊ चुन्यातून बाहेर पडायचं, आता ते दगडातच अडलं. पाच-सहा पावसाळ्यांत दगडांचे पापुद्रे सुटले आणि एक बाजू फुगून आली. ती चूक माझी होती. तेव्हापासून दगडी पुलावर मी चुन्याशिवाय काही वापरत नाही.

दगड चांगला दिसतो यावर जाऊ नका. जुलै १८६७ मध्ये बोरघाटातला एक मोठा दगडी रेल्वेपूल चार-पाच वर्षांतच कोसळला होता, आतलं बांधकाम हलकं होतं म्हणून. उलट आपल्या नळदुर्गात बोरी नदीवर इब्राहीम आदिलशहाच्या काळातला, १६१३ चा दगडी बंधारा आजही पूर अंगावर घेतो. त्याच्या माथ्यावरून रणमंडळ या जोडकिल्ल्याकडे जाता येतं, म्हणजे तो पूलही आहे, आणि पोटात पाणीमहाल आहे. पावसाळ्यात नर आणि मादी हे दोन्ही धबधबे सुटले की बघायला गर्दी लोटते. त्या गर्दीत मी दगडांचे सांधे बघत उभा असतो.

आणि शेवटी पाया. महाडजवळ सावित्री नदीवरचा १९२८ चा दगडी कमानींचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला आणि दोन एसटी गाड्या माणसांसह वाहून गेल्या. कमानीची भेग लांबूनही दिसते, पाण्याखालचा पाया दिसत नाही. पूर ओसरल्यावर पायाशी किती खड्डा पडला, हे दरवर्षी मोजायलाच हवं. जड वाहनं नव्या पुलावरून जावीत, जुना पूल माणसांना, बैलगाड्यांना आणि सायकलींना ठेवावा, असं मी बहुतेक ठिकाणी सुचवतो. पण पाया खरवडला गेला असेल तर माणसांनाही ठेवू नये, दुरुस्ती होईपर्यंत बंद करावा.

तुम्ही एवढं करा. येत्या उन्हाळ्यात ओढा आटला की सकाळच्या वेळी आजीला पुलाच्या काठावर घेऊन जा. जमत नसेल तर फोटो दाखवा. गोष्ट खरी की खोटी, हे तिला विचारू नका. फक्त विचारा, 'आजी, कुठली कमान पडायची गं?' ती बोट दाखवेल त्या कमानीच्या दोन्ही खांबांच्या बुडाशी खणून बघा की पाया मुरुमावर आहे की काळ्या मातीवर. पावसाळ्यानंतर तिथेच खुणा केलेला बांबू टाकून खोली मोजा आणि बाकीच्या चार कमानींच्या मोजमापाशेजारी लिहून ठेवा. तो कागद आणि आजीची गोष्ट, तिच्याच शब्दांत, तिचं वय आणि तारीख घालून, पूल तपासायला येणाऱ्या अभियंत्याच्या हातात द्या.